काउंटीनिहाय मध्यक कौटुंबिक उत्पन्नाचा अंदाज कसा बांधावा

काउंटी म्हणजे अमेरिकेतील राज्याचा साधारण आपल्या जिल्ह्यासारखा भाग. टेक्सासमधील लव्हिंग काउंटीत २०२० च्या जनगणनेत ६४ माणसे मोजली गेली. त्याच जनगणनेत कॅलिफोर्नियातील लॉस एंजेलिस काउंटीची लोकसंख्या एक कोटीच्या वर गेली. अमेरिकेच्या आकडेवारीच्या तक्त्यात या दोन्ही काउंट्यांना एकेकच ओळ मिळते, आणि दोन्ही ओळींत ‘मध्यक कौटुंबिक उत्पन्न’ नावाचा एकेक रकाना असतो. दिसायला सारख्या असलेल्या या दोन आकड्यांमागचा पुरावा मात्र अजिबात सारखा नसतो. तो किती भक्कम किंवा किती विरळ आहे हे ओळखणे आणि विरळ असेल तेथे त्याला शास्त्रशुद्ध आधार देणे, एवढेच हे काम आहे. सार्वजनिक धोरण, सार्वजनिक आरोग्य किंवा संख्याशास्त्र शिकायला अमेरिकेत गेलेल्या विद्यार्थ्यांवर आणि तेथे विश्लेषणाचे काम करणाऱ्या अनेकांवर ते कधी ना कधी येऊन पडते, म्हणून त्याची रीत येथे पायरीपायरीने मांडतो.

आधी व्याख्या पक्क्या करा

मध्यक म्हणजे सरासरी नव्हे. काउंटीतील सगळी कुटुंबे उत्पन्नाच्या चढत्या क्रमाने उभी केली, तर बरोबर मधल्या कुटुंबाचे उत्पन्न म्हणजे मध्यक. वायोमिंगमधील टेटन काउंटीचे उदाहरण या बाबतीत फार बोलके आहे. जॅक्सन होलच्या परिसरात अतिश्रीमंत लोक स्थायिक झाल्यामुळे तिचे दरडोई वैयक्तिक उत्पन्न वर्षानुवर्षे देशात सर्वांत वर राहिले आहे, पण तेथील हॉटेलांत आणि दुकानांत राबणाऱ्या कुटुंबाची कमाई त्या आकड्यावरून मुळीच कळत नाही. आपल्याकडे महाराष्ट्राच्या आर्थिक पाहणीत जिल्हानिहाय दरडोई उत्पन्न छापले जाते, त्याचीही जात हीच आहे. जिल्ह्यातील उत्पादनाला लोकसंख्येने भागून काढलेली ती सरासरी असते. ती पाहून ठाण्यातील किंवा गडचिरोलीतील मधल्या कुटुंबाविषयी काही बोलता येत नाही.

दुसरी व्याख्या कुटुंबाची. या लेखात कुटुंब म्हणजे एका घरात राहणारी सर्व माणसे, मग त्यांच्यात नाते असो वा नसो. भाड्याच्या घरात एकत्र राहणारे चार विद्यार्थी हे एक कुटुंब ठरते आणि एकटी राहणारी आजीही एक कुटुंब ठरते. नात्याने बांधलेल्या कुटुंबाचे मध्यक उत्पन्न हा निराळा आकडा असून तो बहुधा वरचढ असतो. अमेरिकेच्या गृहनिर्माण खात्याच्या योजनांत ‘क्षेत्राचे मध्यक उत्पन्न’ म्हणून जो आकडा वापरतात, तो नात्याच्या कुटुंबांवर आधारलेला असतो, म्हणून दोन्ही आकडे एका तक्त्यात मिसळू नयेत. वसतिगृहे, तुरुंग आणि वृद्धाश्रम यांत राहणारी माणसे कुटुंबांच्या मोजणीत येत नाहीत, पण विद्यापीठाच्या गावात वसतिगृहाबाहेर खोल्या घेऊन राहणारे विद्यार्थी येतात. वॉशिंग्टन राज्यातील व्हिटमन किंवा जॉर्जियातील क्लार्क यांसारख्या विद्यापीठाच्या काउंट्यांचा मध्यक त्यामुळे खाली ओढला जातो. असा आकडा पाहून त्या काउंटीला गरीब ठरवण्यापूर्वी थांबावे.

तिसरी व्याख्या उत्पन्नाची. सेन्सस ब्युरो, म्हणजे अमेरिकेचे जनगणना खाते, १५ वर्षे व त्यावरील सर्व सदस्यांचे करपूर्व रोख उत्पन्न मोजतो. पगार, स्वतःच्या धंद्याची कमाई, व्याज, लाभांश, सोशल सिक्युरिटी, निवृत्तिवेतन, रोख सरकारी मदत हे सगळे त्यात येते. अन्नसाहाय्य, मालकाने भरलेला आरोग्यविम्याचा हप्ता आणि घर किंवा शेअर विकून झालेला भांडवली नफा त्यात येत नाही. पुढे आपण आयकराची आणि राष्ट्रीय लेख्यांची आकडेवारी आधाराला घेणार आहोत, तेथे यांतील काही गोष्टी धरलेल्या असतात. हा फरक डोक्यात ठेवला नाही तर पुढची सगळी गणिते बरोबर येऊनही उत्तर चुकते.

आकडे कोठून घ्यायचे

२००० पर्यंत दर दहा वर्षांच्या जनगणनेत साधारण सहापैकी एका घराला लांब प्रश्नावली जात असे आणि काउंटीचे उत्पन्न तिच्यातून कळत असे. ती पद्धत बंद झाली. २००५ पासून पूर्ण प्रमाणात चालू झालेल्या अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे या पाहणीने तिची जागा घेतली. पुढे तिला एसीएस म्हणू. ती वर्षभर चालते आणि दरवर्षी सुमारे ३५ लाख पत्ते निवडते. तिचे दोन मुख्य संच निघतात. ६५,००० किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या भागांसाठी एकवर्षीय अंदाज निघतात, तर सर्वच काउंट्यांसाठी पाच वर्षांचे नमुने एकत्र करून काढलेले पाचवर्षीय अंदाज निघतात. देशातील ३,१०० हून अधिक काउंट्यांपैकी ढोबळमानाने पाव काउंट्याच पहिल्या गटात बसतात. उरलेल्यांसाठी पाचवर्षीय संच हाच थेट मोजमापाचा मुख्य आधार असतो. २०२० चे नेहमीचे एकवर्षीय अंदाज निघालेच नाहीत, कारण साथीच्या काळात प्रतिसाद फार घटला होता. त्या वर्षासाठी केवळ प्रायोगिक आकडे प्रसिद्ध झाले, त्यामुळे वर्षवार आलेख काढताना तेथे खंड ठेवावा.

दुसरा मोठा आधार म्हणजे सेन्सस ब्युरोचाच लघुक्षेत्र उत्पन्न व दारिद्र्य अंदाज कार्यक्रम, ज्याचे इंग्रजी आद्याक्षरांचे नाव ‘सायपी’ असे उच्चारता येईल. तो प्रत्येक काउंटीसाठी एकाच वर्षाचा मध्यक देतो, पण तो आकडा निव्वळ पाहणीचा नसतो. एसीएसचा एकवर्षीय निष्कर्ष, आयकर विवरणपत्रे आणि इतर प्रशासकीय नोंदी यांची सांगड घालणाऱ्या प्रतिमानातून, म्हणजे मॉडेलातून, तो येतो. १९९७ नंतर हे अंदाज दरवर्षी निघतात. शालेय निधीच्या वाटपाची गरज हे त्यामागचे मोठे कारण होते.

निवड करताना माझा नियम असा आहे. लोकसंख्या ६५,००० च्या वर असून अलीकडचे वर्ष हवे असेल, तर एकवर्षीय एसीएस घ्यावा. काउंटी लहान असून केवळ एका वर्षाचा मध्यक हवा असेल, तर सायपी घ्यावा. उत्पन्नाची सगळी विभागणी हवी असेल, काउंट्या जोडायच्या असतील किंवा वय, वंश यांप्रमाणे फोड हवी असेल, तर पाचवर्षीय एसीएसला पर्याय नाही. एकाच तक्त्यात काही काउंट्या एका संचातून आणि काही दुसऱ्या संचातून घेण्याचा मोह टाळावा, कारण पाच वर्षांचा आकडा त्या काळाचे सरासरी चित्र दाखवतो, तर एका वर्षाचा आकडा ताजी स्थिती दाखवतो.

माहिती उतरवताना

एसीएसमध्ये मध्यक कौटुंबिक उत्पन्नाचा तक्ता बी १९०१३ आणि उत्पन्नगटांप्रमाणे कुटुंबसंख्येचा तक्ता बी १९००१ हा आहे. बी १९००१ मध्ये १६ गट असतात. पहिला १०,००० डॉलरपेक्षा कमी आणि शेवटचा २,००,००० व त्याहून अधिक. दोन्ही तक्ते त्रुटीमर्यादेच्या, म्हणजे आकडा किती इकडेतिकडे असू शकतो हे सांगणाऱ्या, रकान्यासह उतरवून घ्यावेत. आर या संगणकभाषेतील टायडीसेन्सस हे पॅकेज वापरले, तर हे काम काही ओळींत होते.

आता काही खड्डे सांगतो, कारण नवख्यांचे दिवसच्या दिवस येथेच जातात. प्रत्येक काउंटीला पाच अंकी सांकेतिक क्रमांक असतो, त्यातील पहिले दोन अंक राज्याचे आणि पुढचे तीन काउंटीचे. अलाबामाचा क्रमांक ०१ असल्यामुळे एक्सेलने तो संख्या म्हणून वाचला की सुरुवातीचे शून्य गळते आणि जोडणी फसते. क्रमांकाचा रकाना नेहमी मजकूर म्हणून वाचावा. ज्या काउंटीत नमुना अपुरा असतो, तेथे मध्यकाच्या जागी उणे ६६,६६,६६,६६६ असा खुणेचा आकडा येतो. तो न काढता समाश्रयण, म्हणजे रोजच्या बोलीतील रिग्रेशन, केले, तर सगळे सहगुणक वेडेवाकडे होतात. मध्यक २,५०,००० डॉलरच्या वर गेला, तर २,५०,००१ हा आकडा येतो. त्याचा अर्थ ‘अडीच लाखांहून अधिक’ एवढाच असतो.

काउंट्या बदलतातही. साउथ डकोटातील शॅनन काउंटीचे नाव २०१५ मध्ये ओग्लाला लाकोटा झाले आणि तिचा क्रमांक ४६११३ वरून ४६१०२ झाला. व्हर्जिनियातील बेडफर्ड शहर २०१३ मध्ये बेडफर्ड काउंटीत विलीन झाले. अलास्कातील वाल्डेझ-कॉर्डोव्हा विभागाचे २०१९ मध्ये चुगाच आणि कॉपर रिव्हर असे दोन तुकडे झाले. कनेक्टिकटमध्ये तर सेन्सस ब्युरोने २०२२ पासून आठ जुन्या काउंट्यांऐवजी नऊ नियोजन प्रदेश काउंटीसमान मानले. त्यांच्या सीमा जुन्या सीमांशी जुळत नाहीत, म्हणून तेथील कालक्रम जोडण्यासाठी नगरांच्या पातळीवरून पुन्हा बेरीज करावी लागते. लुईझियानात काउंटीला पॅरिश म्हणतात आणि व्हर्जिनियात ३८ स्वतंत्र शहरे काउंटीच्या बरोबरीने मोजली जातात. राष्ट्रीय लेख्यांचे काम करणारा आर्थिक विश्लेषण विभाग यांतील बरीच लहान शहरे शेजारच्या काउंटीत मिसळून आकडे देतो, हे लक्षात न घेतल्यास व्हर्जिनियाच्या अनेक ओळी रिकाम्या राहतात.

गटांवरून मध्यक: दहावीचेच सूत्र

तयार मध्यक उपलब्ध असताना तो स्वतः काढण्याची गरज काय, असे वाटू शकते. गरज पडते ती काउंट्या जोडताना. दोन काउंट्यांच्या मध्यकांवरून त्यांचा एकत्रित मध्यक काढता येत नाही. कुटुंबांच्या विभागणीकडे परत जावेच लागते. त्यासाठीचे सूत्र दहावीच्या पाठ्यपुस्तकातील सांख्यिकीच्या प्रकरणात आपण शिकलेलोच आहोत. एकूण वारंवारतेच्या निम्म्यातून मध्यकवर्गाच्या आधीच्या वर्गाची संचित वारंवारता वजा करावी, बाकीला मध्यकवर्गाच्या वारंवारतेने भागावे, वर्गांतराने गुणावे आणि मध्यकवर्गाच्या खालच्या मर्यादेत मिळवावे.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. पहिल्या काउंटीत ४,००० कुटुंबे आहेत. ६०,००० डॉलरपेक्षा कमी उत्पन्नाची १,९४० आणि ६०,००० ते ७५,००० या गटात ४८० आहेत. निम्मी संख्या २,०००. ६० ला ४८० ने भागून ०.१२५ येतात, १५,००० ने गुणून १,८७५, म्हणून मध्यक ६१,८७५ डॉलर. शेजारच्या काउंटीत ६,००० कुटुंबे आहेत. ६०,००० च्या खाली २,३४०, पुढच्या गटात ४२०, आणि ७५,००० ते १,००,००० या गटात ९६०. निम्मी संख्या ३,००० असल्याने मध्यकवर्ग तिसरा ठरतो, आणि मध्यक ८१,२५० डॉलर येतो.

आता दोन्ही जोडा. एकूण १०,००० कुटुंबे, ६०,००० च्या खाली ४,२८०, पुढच्या गटात ९००. मध्यक येतो ७२,००० डॉलर. दोन मध्यकांची कुटुंबसंख्येनुसार भारित सरासरी काढली असती, तर ७३,५०० आले असते, म्हणजे दीड हजार डॉलरची चूक. साधी सरासरी ७१,५६३ येते आणि ती येथे योगायोगाने जवळ पडते. पण असा योगायोग पुढच्या वेळी पाठीशी उभा राहील, याची काहीच हमी नसते.

या सूत्रात गटातील कुटुंबे सारख्या अंतराने पसरलेली आहेत असे गृहीत धरलेले असते. रुंद गटांत, विशेषतः मध्यकाच्या वरच्या बाजूला, कुटुंबे खालच्या मर्यादेकडे अधिक दाटलेली असतात. तेथे पॅरेटो वाटप, म्हणजे उत्पन्न वाढेल तशी कुटुंबे ठरावीक घातांकाने विरळ होत जाणारे वाटप, गृहीत धरून गटाच्या आतला मध्यक काढता येतो. गटाच्या खालच्या मर्यादेच्या वरील कुटुंबांचे प्रमाण आणि वरच्या मर्यादेच्या वरील प्रमाण यांच्या गुणोत्तराचा लॉग घ्यावा. त्याला दोन मर्यादांच्या गुणोत्तराच्या लॉगने भागले की घातांक मिळतो. मग खालच्या मर्यादेवरील प्रमाणाला ०.५ ने भागून त्याचा त्या घातांकाच्या व्यस्ताइतका घात घ्यावा आणि त्याने खालच्या मर्यादेला गुणावे. वरच्या उदाहरणात प्रमाणे ०.५७२ आणि ०.४८२ आहेत, घातांक सुमारे ०.७६७ येतो आणि मध्यक सुमारे ७१,५०० डॉलर. दोन पद्धतींत ५०० डॉलरचा फरक पडला, यावरून गटांच्या रुंदीमुळे येणाऱ्या अनिश्चिततेचा अंदाज येतो. सेन्सस ब्युरो आपले मध्यक २,५०० डॉलरच्या अरुंद गटांवरून काढतो, त्यामुळे तुमचा आकडा प्रसिद्ध आकड्याशी तंतोतंत जुळणार नाही. तरीही कोणत्याही दोन काउंट्या जोडण्याआधी प्रत्येकीचा मध्यक स्वतः काढून बी १९०१३ शी ताडून पाहावा. तफावत मोठी निघाली, तर चूक बहुधा उतरवण्यात झालेली असते.

त्रुटीमर्यादा वाचणे

येथे मी थोडा अधिक वेळ थांबतो, कारण मध्यकाचा आकडा त्रुटीमर्यादेशिवाय छापणे ही या क्षेत्रातील सर्वांत सामान्य आणि सर्वांत हानिकारक सवय आहे, असे माझे ठाम मत आहे. एसीएस त्रुटीमर्यादा ९० टक्के विश्वासपातळीवर देते. तिला १.६४५ ने भागले की प्रमाण त्रुटी मिळते, आणि प्रमाण त्रुटीला मध्यकाने भागले की सापेक्ष त्रुटी मिळते. समजा आपल्या पहिल्या काउंटीची त्रुटीमर्यादा ९,९०० डॉलर आहे. प्रमाण त्रुटी सुमारे ६,०१८ आणि सापेक्ष त्रुटी सुमारे ९.७ टक्के येते. म्हणजे खरा मध्यक ५२,००० च्या आसपास असू शकतो, तसाच ७१,८०० च्या आसपासही असू शकतो. एवढ्या रुंद पट्ट्यात राज्यातील निम्म्या काउंट्या सहज मावतील. अशा आकड्यावरून काउंट्यांची क्रमवारी लावणे म्हणजे नशिबाचीच क्रमवारी लावणे होय.

दोन काउंट्यांची तुलना करताना दोघींच्या प्रमाण त्रुटींच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढावे आणि मध्यकांतील फरकाला त्याने भागावे. दुसऱ्या काउंटीची त्रुटीमर्यादा ४,१०० धरली, तर तिची प्रमाण त्रुटी सुमारे २,४९२ येते. फरक १९,३७५, वर्गमूळ सुमारे ६,५१४, आणि भागाकार २.९७. तो १.६४५ पेक्षा मोठा असल्याने ९० टक्के पातळीवर फरक खरा मानता येतो. दोघींचे अंतराल, म्हणजे मध्यकाच्या दोन्ही बाजूंना त्रुटीमर्यादेइतके पसरलेले पट्टे, एकमेकांवर चढतात की नाही एवढेच डोळ्यांनी पाहून निर्णय घेऊ नये. किंचित चढणाऱ्या अंतरालांमागेही खरा फरक असू शकतो.

काळातील तुलनेलाही एक पथ्य आहे. २०१७–२०२१ आणि २०१८–२०२२ या संचांत चार वर्षे सामाईक असतात, म्हणून त्यांतील फरक म्हणजे मुख्यतः एक वर्ष गळून दुसरे आत आल्याचा परिणाम असतो. तुलना करायची तर २०१४–२०१८ आणि २०१९–२०२३ अशा न चढणाऱ्या संचांची करावी. जुन्या संचाचे डॉलर किंमत निर्देशांकाने नव्या संचाच्या अखेरच्या वर्षात आणावेत, कारण प्रत्येक पाचवर्षीय संच आपापल्या शेवटच्या वर्षाच्या डॉलरमध्ये छापलेला असतो.

लहान काउंटीसाठी उसना आधार

सापेक्ष त्रुटी मोठी असेल, तर पुढची पायरी प्रतिमानाची. यामागची कल्पना जुनी आहे. सेन्सस ब्युरोतील रॉबर्ट फे आणि रॉजर हेरियट यांनी १९७० च्या जनगणनेवरून लहान वस्त्यांचे दरडोई उत्पन्न काढताना ती वापरली आणि १९७९ मध्ये तिच्यावरचा निबंध प्रसिद्ध केला. सायपीचे प्रतिमान त्याच घराण्यातले आहे. कल्पना अशी की काउंटीविषयी आपल्याकडे दोन साक्षीदार आहेत. एक म्हणजे पाहणीचा थेट आकडा, जो निःपक्षपाती पण अस्थिर असतो. दुसरा म्हणजे इतर नोंदींवरून समाश्रयणाने केलेले भाकीत, जे स्थिर असते पण त्या काउंटीचे वेगळेपण ओळखत नाही. दोघांच्या विश्वासार्हतेनुसार त्यांना भार द्यायचा.

आधी नोंदी जमवा. आयकर खाते काउंटीनिहाय विवरणपत्रांची संख्या उत्पन्नगटांप्रमाणे प्रसिद्ध करते. वरच्याच दहावीच्या सूत्राने त्यातून प्रत्येक काउंटीचे मध्यक समायोजित सकल उत्पन्न काढता येते, आणि माझ्या अनुभवात याहून उपयोगी एकच चल दुसरा नाही. मात्र एक विवरणपत्र म्हणजे एक कुटुंब नव्हे, विवरणपत्र न भरणारे त्यात नसतात, आणि भांडवली नफा त्यात असतो. म्हणून त्याच्या जोडीला एकूण वैयक्तिक उत्पन्नात सरकारी हस्तांतरणांचा वाटा किती, हे आर्थिक विश्लेषण विभागाच्या आकड्यांवरून घ्यावे. वृद्ध आणि कमी उत्पन्नाच्या लोकसंख्येची काउंटी त्यातून ओळखू येते. बेरोजगारी विम्याच्या नोंदींवरून मिळणारा सरासरी पगारही घेता येतो, पण तो कामाच्या ठिकाणी मोजलेला असतो, राहत्या घरी नव्हे. सकाळी शेजारच्या काउंटीत कामाला जाणारी माणसे जेथे खूप आहेत, तेथे तो दिशाभूल करतो.

पाचवर्षीय एसीएसचेच शिक्षणाचे किंवा दारिद्र्याचे प्रमाण चल म्हणून घेऊ नये. ते त्याच नमुन्यातून आलेले असल्याने त्याच्या चुका आपल्या मध्यकाच्या चुकांशी बांधलेल्या असतात, आणि प्रतिमान खोटाच नेमकेपणा दाखवते. सायपीचे दारिद्र्याचे अंदाजही याच कारणासाठी वर्ज्य समजावेत, कारण त्यांत एसीएस आधीच मिसळलेले असते.

मग सगळे उत्पन्नाचे चल आणि थेट मध्यक यांचा लॉग घ्या. लॉगमध्ये गेल्यावर थेट अंदाजाचे प्रचरण (व्हेरियन्स) म्हणजे साधारणपणे सापेक्ष त्रुटीचा वर्ग. आपल्या काउंटीत ते ०.००९४६ आहे. अतिलहान काउंटीत हे प्रचरणसुद्धा मोजक्या घरांवरून आलेले असल्याने लहरी असते. म्हणून प्रचरणाचा लॉग आणि कुटुंबसंख्येचा लॉग यांची रेषा बसवून त्या रेषेवरचे मूल्य वापरणे अधिक सुरक्षित असते. आर भाषेतील एसएई हे पॅकेज पुढचे सगळे गणित करून देते, पण आत काय चालते ते एकदा हाताने करून पाहावे.

समजा समाश्रयणाने आपल्या काउंटीसाठी ५६,००० डॉलरचे भाकीत केले आणि काउंट्यांच्या स्वतःच्या वेगळेपणाचे प्रचरण ०.००२५ निघाले. थेट आकड्याचा भार म्हणजे ०.००२५ भागिले ०.००२५ आणि ०.००९४६ यांची बेरीज, अर्थात सुमारे ०.२१. पाहणी डळमळीत असल्याने तिला पाचवा हिस्साच मिळाला. ६१,८७५ आणि ५६,००० यांच्या लॉगमधील फरक ०.०९९८ आहे, त्याचा ०.२१ वा भाग भाकितात मिळवून परत डॉलरमध्ये आलो की सुमारे ५७,१८० मिळतात. ९० टक्क्यांचा अंतराल सुमारे ५३,१०० ते ६१,५०० येतो. थेट अंतरालाच्या निम्म्याहूनही तो अरुंद आहे. लॉगमधून परतताना थोडा पक्षपात शिरतो, त्यासाठी प्रचरणाच्या निम्म्याइतकी दुरुस्ती करतात. येथे ती पन्नास-साठ डॉलरचीच आहे, मोठ्या प्रचरणात ती दुर्लक्षित करू नये. समाश्रयणातील सहगुणकांची आणि वेगळेपणाच्या प्रचरणाची स्वतःची अनिश्चितता या साध्या अंतरालात धरलेली नाही, पॅकेज ती मिळवते, म्हणून त्याचा अंतराल किंचित रुंद येईल.

सायपीचा आकडा तुम्हाला हुबेहूब पुन्हा काढता येणार नाही. सेन्सस ब्युरो लहान काउंट्यांचे अप्रकाशित एकवर्षीय अंदाजही त्यात वापरतो आणि ते बाहेरच्यांना मिळत नाहीत. आपल्या प्रतिमानाची परीक्षा मात्र सायपीशी तुलना करून घेता येते. जेथे दोघांत मोठी तफावत दिसेल, त्या काउंट्यांची नावे वाचावीत. नॉर्थ डकोटातील विल्यम्स किंवा मॅकेन्झी यांसारख्या तेलाच्या काउंट्यांत उत्पन्न काही वर्षांतच झपाट्याने बदलते, तेव्हा पाच वर्षांचा थेट आकडा मागे राहतो. आदिवासी राखीव प्रदेशांत विवरणपत्रे कमी भरली जातात. विद्यापीठाच्या गावांत विद्यार्थी आई-वडिलांच्या पत्त्यावर करनोंदीत दिसतात आणि पाहणीत मात्र स्वतंत्र कुटुंब म्हणून दिसतात. अशा प्रत्येक प्रकारासाठी एखादा सूचक चल (काउंटी त्या प्रकारची असेल तर १, नसेल तर ०) घालून प्रतिमान सुधारता येते, पण तो चल उर्वरित फरकांकडे पाहून पाहून शिवलेला नसावा.

मराठी कुटुंबांचा मध्यक काढायचा असेल तर

न्यू जर्सीतील मिडलसेक्स काउंटीत, एडिसनच्या परिसरात, मराठी माणसे बरीच आहेत, आणि तेथील मराठी कुटुंबांचे मध्यक उत्पन्न किती, हा प्रश्न मंडळांच्या कामात हमखास निघतो. एसीएसच्या छापील तक्त्यांतून त्याचे उत्तर मिळत नाही. भाषांच्या सविस्तर तक्त्यात मराठी ही नेपाळी व इतर भारतीय भाषांबरोबर एकाच रकान्यात घातलेली आहे, आणि भाषेप्रमाणे कौटुंबिक उत्पन्नाचा मध्यक काउंटीसाठी छापला जात नाही. उत्तर शोधायचे ते सार्वजनिक सूक्ष्म नमुन्यात, जेथे निनावी केलेल्या एकेका घराची नोंद असते. तेथे काउंटीचे नाव नसते. किमान १,००,००० लोकसंख्येचे विभाग असतात, आणि मिडलसेक्ससारख्या मोठ्या काउंटीची मांडणी अशा अनेक विभागांतून करता येते.

येथे कुटुंबप्रमुखाची घरी बोलली जाणारी भाषा मराठी असलेली घरे निवडावीत, रिकामी घरे आणि वसतिगृहे वगळावीत, प्रत्येक घराचे उत्पन्न दिलेल्या समायोजन गुणकाने त्याच वर्षाच्या डॉलरमध्ये आणावे आणि घराचा भार, म्हणजे नमुन्यातील ते घर किती घरांच्या वतीने उभे आहे तो आकडा, लावून मध्यक काढावा. प्रमाण त्रुटीसाठी दिलेले ८० पर्यायी भार एकेक करून लावावेत, प्रत्येक वेळी मध्यक पुन्हा काढावा, मूळ मध्यकापासूनच्या फरकांच्या वर्गांची बेरीज करावी, तिला ४ ने गुणून ८० ने भागावे आणि वर्गमूळ काढावे. हे करण्याआधी त्याच आज्ञावलीने आधी सगळ्या काउंटीचा मध्यक काढून बी १९०१३ च्या आकड्याशी जुळवून पाहावा. तो त्रुटीमर्यादेत बसला, तरच मराठीची चाळणी लावावी. घरी इंग्रजीच बोलणारी दुसऱ्या पिढीची मराठी कुटुंबे या मोजणीतून सुटतात, हे निष्कर्षाच्या वाक्यातच लिहावे. आणि चाळणीनंतर हाती अगदी मोजकी घरे उरली, तर काउंटीचा हट्ट सोडून सगळ्या न्यू जर्सी राज्याचा पाच वर्षांचा नमुना घ्यावा आणि शीर्षकातही न्यू जर्सीच लिहावे.